मदत हवी आहे: पेशी मरतायत पण डीएनएची शिडी दिसत नाहीये

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय, दांडिया बाजारात राहते, एमएस्सीचं प्रोजेक्ट चालू आहे आणि दोन आठवडे एकाच ठिकाणी अडकलेय. एमसीएफ-७ पेशींना (स्तनाच्या कर्करोगाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या) स्टॉरोस्पोरिन हे पेशी मारणारं रसायन दिलं, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशी गोल झाल्या, बाहेरच्या आवरणावर बुडबुडे आले, अगदी पुस्तकातलं अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचं ठरवून मरणं! पण जेलवर (यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) कापलेल्या डीएनएच्या शिडीसारख्या १८०-२०० बेस पेअरच्या (डीएनएच्या लांबीचं एकक) पायऱ्या येतच नाहीयेत, वरती एक जाड पट्टा नुसता.

माझ्या डोक्यात साखळी अशी आहे की मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर, ते अपाफ-१ या प्रथिनाला चिकटतं, कॅस्पेस-९ (कॅस्पेस म्हणजे पेशी मरताना इतर प्रथिनं कापणारी एन्झाइम्स) जागं होतं, ते कॅस्पेस-३ ला कापून चालू करतं, मग कॅस्पेस-३ आयसीएडी (सीएडी या एन्झाइमला अडवून ठेवणारं प्रथिन) तोडतं आणि मोकळा झालेला सीएडी डीएनए कापतो. काल एका सिनिअर ताईने सांगितलं की एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेस-३ चं जीनच बिघडलेलं असतं, ४७ बेस पेअर गायब, त्यामुळे प्रथिनच बनत नाही. ऐकून धक्काच बसला, इतके दिवस मी माझ्याच हाताला दोष देत होते.

आता विचारायचंय की या पेशींना मारण्याचं काम मग कॅस्पेस-७ करतं का, आणि ते दाखवायला पार्पचे (कॅस्पेस कापतात ते एक प्रथिन) तुकडे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायची चाचणी) बघणं पुरेल की ॲनेक्सिन व्ही (मरणाऱ्या पेशी रंगवून ओळखायची चाचणी) पण करू? तुलनेला हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, यांच्यात कॅस्पेस-३ असतं) घेतल्या तर चालेल ना? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा, शुक्रवारी सरांना दाखवायचंय.