अनुभव धागा: तुम्हाला शिकवण्यात कोणी टिकवलं?

एमडी करताना थिसिसला मार्गदर्शक (गाईड) कोण, हे विभागच ठरवून देतो. २०१९ला एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आल्यापासून कोणत्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक कोण, अशा मेंटॉर-मेंटीच्या याद्याही लागतात. पण वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी कॉलेजांत जे शिकवत राहिले, त्यांच्यामागे यादीबाहेरचं कुणीतरी असतं, असं मला ठामपणे वाटतं. तुमचं कोण होतं?

औषधशास्त्र, विदर्भ
सेकंड एमबीबीएसला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) दोन महिन्यांच्या एसटीएससाठी, म्हणजे विद्यार्थी संशोधनवृत्तीसाठी, अर्ज केला. मॅडमनी प्रपोजल परत पाठवलं, समासात एवढंच लिहून: "हा प्रश्न तुला का पडला?" त्यावर मी आठवडाभर विचार करत होतो. पुढे त्या कामाचा पेपर झाला, तेव्हा पहिलं नाव त्यांनी माझं घातलं. डेटा मी गोळा केला होता, म्हणून. पीजीला क्लिनिकल (थेट रुग्ण तपासण्याची) शाखा मिळत असताना मी औषधशास्त्र घेतलं. घरी आई बरेच दिवस नाराज होती. आज माझ्या विद्यार्थ्यांचं नाव पहिलं असतं.

नर्सिंग ट्यूटर, कोकण
आमच्या सिनियर मॅडम माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायच्या आणि नंतर लेसन प्लॅनवर बोलायच्या. मुलींसमोर कधीच नाही. एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेआधी माझ्या वॉर्ड पोस्टिंगची देखरेख त्यांनी स्वतःकडे घेतली. तेवढा वेळ मिळाला नसता, तर मी परत स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले असते.

रेसिडेंट, नाव नको
गाईडनी सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) न वाचता सही केली. मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या माहितीचा तक्ता) कसा भरायचा, हे पीएसएमच्या (जनआरोग्य विभागाच्या) एका असिस्टंट प्रोफेसरनी शिकवलं. थिसिसवर त्यांचं नाव कुठेच नाही.

शरीरक्रियाशास्त्र, पुणे
रेसिडेंटचं वाचून लिहितोय. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ साली सुरू झालेली जीएसएमसी-फेमर फेलोशिप (वैद्यकीय शिक्षकांसाठीची) मी केली. दोन वर्षं, आणि आपल्याच कॉलेजात राबवायचा शैक्षणिक प्रकल्प. माझे मार्गदर्शक दुसऱ्या कॉलेजातले होते. माझा गोपनीय अहवाल त्यांच्या हातात नव्हता, त्यामुळे "सर, प्रश्नावली फसलीय, कुणी भरतच नाही" हे मी त्यांना सरळ सांगू शकलो. एचओडींना (विभागप्रमुखांना) सांगायची माझी हिंमत झाली नसती, आणि एचओडी चांगले होते! म्हणून नवीन लेक्चररना मी सुचवतो: एक माणूस विभागाबाहेरचा शोधा, ज्याची सही तुमच्या प्रमोशनच्या फाईलवर लागत नाही.