यंत्रं दिसली, माणसं कुठे गेली?

सावली: टॅसिटा डीन या ब्रिटिश कलावतीचा 'कोडॅक' (२००६, ४४ मिनिटं) हा चित्रपट नुकताच पाहिला. फ्रान्समधल्या शालों-सुर-सोनच्या कोडॅक कारखान्यात १६ मिलिमीटर ब्लॅक अँड व्हाइट फिल्म बनणं बंद होणार, हे कळल्यावर तिनं तो कारखाना तिथल्याच फिल्मवर टिपला. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. कच्च्या फिल्मला उजेड लागला की ती वाया जाते, त्यामुळे एरवी तिथं अंधार. पण शूटिंगच्या दिवशी चाचणीसाठी यंत्रांतून साधा तपकिरी कागद फिरवत होते, म्हणून दिवे लावता आले. रुळांवरून तो कागद सरकत राहतो आणि आपण बघत बसतो. मरणाऱ्या जागेकडे इतक्या मायेनं बघणं मला फार मोलाचं वाटलं. तुम्हाला?

काळाचौकीकर: मला हे पटत नाही. माझे वडील मुंबईत कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. खडखडाट इतका की शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी ओठांवरून आणि खुणांनी बोलायचं. घरीही ते ओरडूनच बोलायचे, आई म्हणायची, "अहो हळू, पोरं झोपलीत." १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वडील पुन्हा आत गेलेच नाहीत. रिकाम्या शेडमधली उन्हाची तिरीप कुणी कौतुकानं दाखवली की मी विचारतो, इथल्या माणसांची देणी मिळाली का? कोडॅकच्या त्या कामगारांचं पुढे काय झालं, हे चित्रपट सांगतो का? यंत्र देखणं दिसलं की मालक सुटतो.

रीळवाला: मी मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कटिंगला, म्हणजे चित्रपटाची मूळ फिल्म कापून जोडायच्या कामाला होतो. हातात पांढरे सुती मोजे. निगेटिव्ह एकच असते, कात्री चुकली की संपलं. इमल्शनची, म्हणजे चित्र उमटणाऱ्या थराची बाजू कुठली हे कळायला फिल्मचं कोरं टोक ओलसर ओठाला लावायचं. चिकटेल ती बाजू. लॅब बंद झाली तेव्हा देण्यांसाठी आम्हीही भांडलो, थोडंफार मिळालं. पण ते काम कुणीच टिपून ठेवलं नाही. माझ्या मुलीला मी नक्की काय करत होतो, हे आजही दाखवता येत नाही. त्या बाईनं आमच्याकडे नुसता कॅमेरा लावला असता तरी मी तिचे पाय धरले असते.

काळाचौकीकर: पण ओठाचं तुम्ही सांगितलंत म्हणून मला कळलं ना? मुक्या यंत्राकडून कसं कळणार? अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१) हा माहितीपट बघा. त्यात नारायण सुर्वे आहेत, सुधीर पटवर्धनांची चित्रं आहेत, गिरणगाव आहे. तोही काव्यमयच आहे, पण त्यात माणूस बोलतो.

सावली: 'साचा' मलाही आवडतो. पण त्या कागदावर कुणी बोलत राहिलं असतं, तर मी ऐकत बसले असते, कागद पाहिलाच नसता.

रीळवाला: काळाचौकीकर, वडिलांच्या त्या खुणा तुम्हाला येतात का? येत असतील तर कुणाला तरी टिपून घेऊ द्या. त्याला आवाज नसला तरी चालेल.

काळाचौकीकर: मत माझं तेच आहे. खुणा चार येतात. धागा तुटला. पाणी दे. जॉबर (मुकादम) आला. चल, पाळी सुटली.