मदत हवी आहे: धडधाकट ससे अचानक मरतायत, आरएचडी (सशांचा रक्तस्रावी विषाणूजन्य रोग) असेल का?

शेडमध्ये दोन-तीन दिवसांपासून चांगले खातेपिते ससे सकाळी मेलेले सापडतायत. जुलाब नाहीत, पोट फुगलेलं नाही. काहींच्या नाकातून थोडं रक्त आलेलं. मला काळजी आहे ती पिल्लांची. १९८४ मध्ये चीनमध्ये आढळलेला जुना आरएचडी विषाणू अगदी लहान पिल्लांना सहसा सोडतो, पण २०१० मध्ये फ्रान्समध्ये सापडलेला त्याचा नवा प्रकार, आरएचडीव्ही-२, त्यांनाही मारतो. इथे आईला पिणारी पिल्लंही गेलीत.

मेलेले ससे वेगळे ठेवलेत, ये-जा आणि विक्री बंद केली आहे. डॉक्टर उद्या येतील. पीसीआरसाठी (विषाणू ओळखण्याच्या प्रयोगशाळा-तपासणीसाठी) यकृताचा तुकडा लागतो हे माहीत आहे, पण तो त्यांच्याकडे जाईपर्यंत बर्फात ठेवायचा की गोठवायचा?

दुसरं, निर्जंतुकीकरण. या विषाणूला बाहेरचं आवरण नसल्याने साध्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही, म्हणून ब्लीच वापरतोय. पण लाकडी खोकी धुऊन खरंच स्वच्छ होतात की जाळूनच टाकावीत? माझा कल जाळण्याकडे आहे. आणि उरलेल्या, वरवर निरोगी सशांना आत्ता लस द्यावी का? जुन्या प्रकाराची लस दुसऱ्यावर पुरेशी चालत नाही, त्यामुळे तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबावं की नाही, हेच ठरत नाही. ज्यांनी अशी साथ हाताळली आहे त्यांनी कृपया सांगा.