मदत हवी आहे: नवी रॅम दिसतच नाही

नमस्कार मंडळी, नागपूरहून विचारतोय. घरचा जुना डेस्कटॉप, इंटेलच्या जी४१ चिपसेटचा (रॅम वगैरे भाग जोडून चालवणारी मुख्य चिप) मदरबोर्ड, आधीची २ जीबी डीडीआर३ (रॅमचा प्रकार) रॅम. पोरीच्या अभ्यासासाठी सीताबर्डीवरून ४ जीबी रॅमची नवी पट्टी आणली. दोन्ही लावल्या तर बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंगची स्क्रीन) २ जीबीच दिसते, म्हणजे दोष विंडोजचा नाही. पिना खोडरबरने पुसल्या, स्लॉट बदलले. जुनी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये चालते. नवी एकटी लावली की नुसता बीप, स्क्रीन काळी.

नव्या पट्टीवर एकाच बाजूला ८ चिप आहेत. जी४१ ला दोन्ही बाजूंनी मिळून १६ चिपवालीच ४ जीबी चालते असं वाचलं. कोणी स्वतः लावून पाहिलीय का? दुकानदार शनिवारपर्यंतच बदलून देणार आहे, लवकर सांगा भाऊ.