पुणे करार: प्राथमिक निवडणूक प्रत्यक्षात चालायची कशी?

अभ्यासिका_नवी_पेठ
राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी पुणे करार वाचतोय. तारखा पाठ आहेत: १६ ऑगस्ट १९३२ ला जातीय निवाडा (अस्पृश्यांनाही स्वतंत्र मतदारसंघ देणारा ब्रिटिश सरकारचा निर्णय), २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात गांधीजींचं उपोषण सुरू, २४ ला सवर्ण हिंदू आणि अस्पृश्य नेत्यांच्या करारावर सह्या. पण नोट्समध्ये ‘प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांच्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या’ एवढ्यावरच विषय संपतो. दोन टप्प्यांत मतदान म्हणजे नेमकं काय व्हायचं? जागा दुपटीनं वाढल्या, तरी बाबासाहेब पुढं या करारावर इतके नाराज का? आणि कुठं १४८ लिहितात, कुठं १५१. खरं कोणतं?

मुळाकाठ
आकडे दोन्ही बरोबर, फक्त वेगवेगळ्या वेळचे. करारात मद्रास आणि बंगाल प्रत्येकी ३०, मध्य प्रांत आणि संयुक्त प्रांत प्रत्येकी २०, बिहार-ओरिसा १८, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८, आसाम ७. बेरीज १४८. पुढं ओरिसा वेगळा प्रांत झाला आणि १९३५ च्या कायद्यात बिहारला १५ व ओरिसाला ६ जागा मिळाल्या. म्हणजे १८ च्या २१ झाल्या, तिथून १५१.

आता मतदान. निवाड्यात अस्पृश्य मतदाराला दोन मतं होती: एक स्वतंत्र मतदारसंघात, जिथं फक्त त्याच्याच समाजाचे लोक मत देणार, आणि दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. करारानं स्वतंत्र मतदारसंघ गेला. त्याऐवजी आधी मतदारसंघातल्या अस्पृश्य मतदारांनी, प्रत्येकी एकच मत देऊन, चार जणांची यादी निवडायची; हीच प्राथमिक निवडणूक. मग त्या चौघांतून कोण निवडून येणार हे सर्वसाधारण यादीतल्या सगळ्या मतदारांनी ठरवायचं.

खरी मेख इथं आहे. समजा मतदारसंघात ५०,००० मतदार आहेत, त्यांत ५,००० अस्पृश्य. पहिल्या फेरीत ‘अ’ ला ३,५००, ‘ब’ ला ८००, ‘क’ ला ४५० आणि ‘ड’ ला २५० मतं पडली. चौघंही यादीत आले. दुसऱ्या फेरीत उरलेल्या ४५,००० मतदारांनी ‘ड’ ला उचलून धरलं, की तोच आमदार. ज्याला स्वतःच्या समाजानं शेवटचा नंबर दिला, तोच त्या समाजाचा प्रतिनिधी! कायद्याच्या भाषेत यात काहीच गैर नाही. म्हणून जागा किती वाढल्या यापेक्षा शेवटचं मत कुणाच्या हातात गेलं, ते उत्तरात आधी लिहा.

आणखी एक गोष्ट नोट्समध्ये हमखास सुटते. चारपेक्षा जास्त उमेदवार असतील तरच पहिली फेरी व्हायची. चार किंवा कमी असले, की थेट दुसरी.

कौन्सिल_हॉल
मुळाकाठ यांच्या उदाहरणाला मुंबई प्रांताची जोड देतो. इथं बहुसदस्य मतदारसंघ होते आणि मतं एकवटता यायची, म्हणजे जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला दिली तरी चालायची. लहान समाजाला याचा मोठा आधार होता. १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला मुंबईत चांगलं यश मिळालं, त्यात या पद्धतीचा वाटा धरलाच पाहिजे.

१९४६ ला मात्र बाबासाहेबांच्याच पुढच्या पक्षाला, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला, देशभरातल्या १५१ राखीव जागांपैकी फक्त २ मिळाल्या, एक बंगालमध्ये आणि एक मध्य प्रांतात. मुंबई प्रांतात एकही नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये, विधिमंडळाचं अधिवेशन पुण्यात भरलं असताना, फेडरेशननं इथंच सत्याग्रह केला. मागणी होती पुणे करार रद्द करा. पुण्यात राहून हा सत्याग्रह माहीत नसावा, हे मला फार खटकतं.

१९५२ आणि १९५७ ला द्विसदस्य मतदारसंघ आले, म्हणजे एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. तिथं मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. १९५२ ला उत्तर मुंबईत बाबासाहेब हरले, तो असाच मतदारसंघ. १९५७ ला पार्वतीपुरमला उलटंच घडलं: दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांकडे गेल्या आणि पुढं राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण निकाल बदलला नाही. १९६१ मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघच बंद केले.

अभ्यासिका_नवी_पेठ
दोघांचेही मनापासून आभार. मग करारातली १० वर्षांची मुदत ती आरक्षणाची ना?

मुळाकाठ
नाही, आणि बरेच जण इथंच गुण घालवतात. ती मुदत पाचव्या कलमात आहे आणि फक्त चौघांच्या यादीच्या पद्धतीला लागू आहे. राखीव जागा दोन्ही समाजांच्या संमतीनं काही वेगळं ठरेपर्यंत चालू राहतील, असं सहावं कलम सांगतं. राखीव जागांची १० वर्षांची मुदत राज्यघटनेच्या कलम ३३४ मध्ये आली. ती वेळोवेळी वाढत गेली, आणि १०४ व्या घटनादुरुस्तीनं आता जानेवारी २०३० पर्यंत आहे. शक्य असेल तर कराराची नऊही कलमं मुळातून वाचा, दोन पानांत मावतात. नववं कलम, शिक्षणासाठी प्रत्येक प्रांतानं पुरेशी रक्कम राखून ठेवण्याचं, ते तर कुणी वाचतच नाही.