पाकिटावर ब्लूबेरी लिहिलंय, मला कपात सापडत नाहीये

सदाशिवपेठी_फिल्टर:
नमस्कार मंडळी, लहानपणापासून घरी चिकोरीवाली फिल्टर कॉफी, आता पहिल्यांदाच इथिओपियाच्या गुजी भागातली नॅचरल कॉफी घेतली, लाइट रोस्ट म्हणजे कमी भाजलेली. पाकिटावर चव म्हणून ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जॅम लिहिलंय. पाकीट उघडलं की वास खरंच जॅमसारखा येतो पण कपात नुसतं आंबट आणि शेवटी जरा कडवट. व्ही६० (कागदी फिल्टरचं शंकूसारखं गाळणं), १५ ग्रॅम कॉफी, २४० पाणी, आमच्याकडे टँकरचं पाणी येतं तेच उकळून वापरतो. रोस्ट होऊन ४ दिवस झालेत. आणि हा वास वरून घातलेला असतो का?

करवंदाची_जाळी:
नाही हो, वरून काही घातलेलं नसतं. कॉफीचं बी म्हणजे एका लाल फळातलं बी. वॉश्ड कॉफीत गर आधीच काढून टाकतात, बी आंबवून धुतात आणि मग वाळवतात. नॅचरलमध्ये अख्खं फळच उन्हात उंच मांडवांवर पसरतात, दोन-तीन आठवडे, कधी जास्तही, दिवसातून कितीतरी वेळा हाताने हलवत राहायचं नाहीतर बुरशी धरते. तेवढ्या दिवसांत गरातली साखर हळूहळू आंबते आणि त्यातून जे सुगंधी घटक तयार होतात तेच पिकलेल्या फळांतही असतात, म्हणून नाकाला बेरी वाटते. त्याच इथिओपियातली यिर्गाचेफे भागातली वॉश्ड प्यायलात तर जाईच्या फुलांसारखी आणि लिंबासारखी लागेल. दोन्ही शेजारी ठेवून प्या एकदा, कुणी समजावून सांगायची गरजच उरत नाही.

अजून एक, ब्लूबेरी शोधूच नका. आपल्यातले कितीजण ताजी ब्लूबेरी खात मोठे झालो? मी करवंद आणि जांभूळ डोक्यात ठेवून प्यायला लागले तेव्हा मला कप कळायला लागला.

दळण_आणि_दाब:
तुमचा घोळ पाण्यात आहे असं मला वाटतं. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं म्हणजे जड, त्यातला बायकार्बोनेट कॉफीतलं आम्ल मारून टाकतो आणि फळाची चव त्या आम्लावरच तर उभी असते. नुसतं आरओ वापरलंत तर कप पोकळ लागतो, म्हणून आरओत थोडं साधं पाणी मिसळा. ४ दिवस पण लवकर आहेत, लाइट रोस्टमधला गॅस अजून बाहेर पडतोय, दोन आठवडे थांबा. आंबट आणि कडू एकदम लागतंय म्हणजे दळण एकसारखं नाही, चुरा जास्त निघतोय, ब्लेडचा मिक्सर असेल तर हँड ग्राइंडर बघा. आणि गरम गरम पिऊ नका!! कोमट झाल्यावर गोडवा वर येतो.

सदाशिवपेठी_फिल्टर:
दहा दिवस पाकीट बंद ठेवलं आणि आज केली. आरओ तीन भाग, साधं एक भाग, पाणी ९४ अंशांवर, दळण मित्राकडून. पहिल्या घोटाला काही नाही, मग फोन आला म्हणून कप तसाच राहिला, परत आलो तर जांभूळ! अगदी ते जिभेला तुरट धरणारं नाही, पिकून मऊ झालेलं असतं ना तसं. आईलाही दिली, ती म्हणाली मनुका भिजवलेल्या पाण्यासारखी लागते, आणि तेही बरोबरच आहे. आता पुढे काय घेऊ?

करवंदाची_जाळी:
आई बरोबर आहेत, नॅचरलमध्ये मनुका येतेच!

डोंगरउतार:
आता केनियाची वॉश्ड घ्या, एसएल२८ वाणाची. १९३०च्या दशकात तिथल्या स्कॉट लॅबोरेटरीजने निवडलेलं झाड, धुतलेली कॉफी असूनही ब्लॅककरंट नावाच्या बेरीसारखी गडद आंबटगोड लागते, म्हणजे बेरी फक्त आंबवण्यातून येते असंही नाही, झाडाचाही वाटा असतो. नंतर चिकमगळूरची नॅचरल, सिलेक्शन ९ वाणाची मिळाली तर तीच, तिच्या आईबापात इथिओपियाचं एक झाड आहे. पाणी मात्र आज वापरलंत तेच ठेवा म्हणजे तुलना करता येईल.