टेस डर्बीफील्ड: तुमचे वाचनानुभव

थॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' 1891 साली पुस्तकरूपाने आली. 'बिचारी टेस', 'नियतीचा फेरा' हे आपण सगळेच म्हणून झालो आहोत. या धाग्यावर त्यापुढचं लिहूया: वाचताना कोणत्या तपशिलापाशी थांबलात, तो कळल्यावर टेस कशी वेगळी दिसली. स्वतःच्या आयुष्याचे दाखले नकोत, कादंबरीतले द्या. शेवट उघड करायला हरकत नाही, धागा वाचून झालेल्यांसाठीच आहे. नूतनचा 1967 मधला 'दुल्हन एक रात की' याच कथेवरचा, पण चर्चा मूळ कादंबरीची.

कोरडवाहू

प्रिन्स या घोड्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण ते प्रकरण भरभर उलटतात.

टेसचा बाप घोडागाडीतून किरकोळ माल नेऊन विकणारा. मधमाश्यांच्या पेट्या शनिवारचा बाजार भरण्याआधी कॅस्टरब्रिजच्या दुकानदारांकडे पोचवायच्या आहेत. अंतर वीस ते तीस मैल, रस्ता खराब, घोडा म्हातारा. म्हणजे उशिरात उशिरा रात्री दोनला निघायलाच हवं. बाप पिऊन पडलेला, म्हणून दीड वाजता आई टेसला उठवते. सोळा-सतरा वर्षांची पोर आणि तिचा धाकटा भाऊ एब्रहॅम निघतात. वाटेत तिचा डोळा लागतो, कंदील विझतो. समोरून टपालगाडी येते. तिची चाकं आवाज न करणारी आणि वेग बाणासारखा. तिची टोकदार दांडी प्रिन्सच्या छातीत घुसते. टेस जखमेवर हात दाबून धरते आणि रक्ताच्या चिळकांडीने नखशिखांत भिजते.

याला अपघात म्हणून सोडून देऊ नका. विझलेला कंदील, जागरण, दारू, बाजाराची वेळ: प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि त्यातलं एकही टेसचं नाही. तरी दोष ती स्वतःवर घेते. घोडा गेला म्हणजे धंदा गेला, आणि म्हणूनच ती 'श्रीमंत नातेवाइकां'कडे, म्हणजे डर्बरव्हिल आडनाव लावणाऱ्या घरी, जायला तयार होते. पुढे चेसच्या जंगलात, त्या रात्री, त्या घरचा मुलगा अ‍ॅलेक तिला सांगतो की आज तुझ्या बापाला नवा घोडा मिळालाय. कुणी दिला हे तिला कळतं. मग जे घडतं ते या वाक्यानंतर घडतं. प्रिन्सचं प्रकरण नीट वाचलेलं असेल तरच त्या वाक्याचं ओझं कळतं.

टाचण

कोणती आवृत्ती वाचताय ते आधी बघा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

कादंबरी आधी 'द ग्राफिक' या साप्ताहिकात क्रमशः आली, तीही 1891 मध्येच. घरात सगळ्यांनी वाचायचं साप्ताहिक, त्यामुळे हार्डीला कापाकापी करावी लागली. चेसमधला प्रसंग गेला, त्याजागी खोट्या लग्नाची फसवणूक आली. त्या प्रसंगातून झालेल्या टेसच्या बाळाचा मध्यरात्रीचा बाप्तिस्मा गेला. तो भाग त्याने दुसऱ्या नियतकालिकात स्वतंत्र छापला. टेसचा पुढे नवरा होणारा एंजल चार गवळणींना पाणी साचलेल्या वाटेवरून उचलून नेतो, तिथे चक्क हातगाडी आली, कारण उचलणं अशोभनीय! पुस्तकात हे सगळं परत आलं.

पण पुस्तकही स्थिर राहिलं नाही. पहिल्या पुस्तकरूपात अ‍ॅलेक चेसमध्ये तिला बाटलीतून काहीतरी मादक पाजतो. पुढे हार्डीने तो तपशील काढून टाकला. 'टेस राजी होती की नाही' या वादात दोघांच्या हातात वेगवेगळी पुस्तकं असू शकतात, ती अशी.

माझं मत विचाराल तर बाटलीची गरज नाही. धुकं आहे, ती दमून झोपलेली आहे, रस्ता अ‍ॅलेकने मुद्दाम चुकवलेला आहे. प्रसंग लेखक दाखवत नाही, पण काही प्रकरणं पुढे जा. शेतात कापणी करणारी एक बाई सहज बोलून जाते की गेल्या वर्षी एका रात्री चेसमध्ये हुंदके ऐकू आले होते. साक्ष तिथे आहे, गावच्या कुजबुजीत पुरून ठेवलेली. आणि घरी परतल्यावर टेस आईला जे विचारते तेही बघा: पुरुषांपासून धोका असतो हे मला सांगितलं का नाहीस? राजीखुशीने गेलेली मुलगी हा प्रश्न विचारत नाही.

शेणामेणाचं_घर

मला या कादंबरीने धरलं ते टेस पुढे कामाला लागते त्या टॅल्बोथेजच्या गोठ्यात. तिथलं प्रेम लोकांना आठवतं, काम आठवत नाही. पण प्रेम जमतं ते कामातूनच, आणि हार्डीला काम माहीत आहे.

टेस येते त्या दिवशी गाई पान्हा चोरतात. नवीन हात आला की असं होतं, असं तिथले लोक म्हणतात, आणि उपाय म्हणून सगळे धार काढता काढता गाणी म्हणायला लागतात. आपल्याकडे ज्यांनी गोठा पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मालक क्रिक जड धारेच्या सहा-आठ गाई स्वतः पिळतो. कारण रोजंदारीचे गडी कंटाळा करून कासेत दूध ठेवतात आणि पोरींच्या बोटांत तेवढा जोर नसतो. दूध रोज कासेत राहिलं की गाय हळूहळू कमी दूध देते आणि शेवटी आटते. नुकसान एका दिवसाचं नसतं, कायमचं असतं. याच कारणासाठी गाईला एका हाताची सवय लागू द्यायची नाही, असा त्याचा नियम. एखादी गवळण सोडून गेली तर तिची गाय कुणालाच दूध देणार नाही.

आता बघा. टेसच्या हाताला आठ गाई खास रुळतात. डम्पलिंग, फॅन्सी, लॉफ्टी, मिस्ट, म्हातारी प्रिटी, तरुण प्रिटी, टायडी आणि लाउड. एक-दोघींचे सड गाजरासारखे कडक, पण तिला सहज दूध देतात. मालकाची इच्छा ठाऊक असल्याने ती समोर येईल ती गाय घेते. थोड्या दिवसांत तिच्या लक्षात येतं की समोर नेमक्या याच गाई येताहेत. एंजल त्या तशा रांगेला लावत असतो. ती त्याला तसं तोंडावर म्हणते आणि लाजते. यापेक्षा नाजूक प्रेमाची कबुली मी वाचलेली नाही. पण गाई कशा आटतात हे माहीत नसेल तर इथे एंजल मालकाचा नियम मोडतोय हे वाचकाला कळतच नाही. आवडीपायी तो दुसऱ्याच्या गोठ्याची शिस्त बिघडवतो आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. पुढे तो जे करणार आहे त्याची चाहूल मला इथे लागते.

लोण्याला रानलसणीचा वास येतो तो प्रसंगही असाच. सगळे जण कुरणात एका ओळीत वाकून, पट्टा पट्टा करत लसणीचे कोंब शोधतात. एवढ्या मोठ्या कुरणात जेमतेम अर्धा डझन कोंब सापडतात. पण एका गाईने एक घास घेतला तरी दिवसभराचं लोणी वाया जातं. थोडक्या 'डागा'ने सगळा माल नासला असं ठरवणारी ही व्यवस्था आहे, आणि त्याच ओळीत एंजलच्या शेजारी टेस वाकलेली आहे. हार्डी काही बोलत नाही. बोलायची गरजही नाही.

सांजवारा

वरचं वाचून एंजलबद्दल लिहावंसं वाटलं. लग्न 31 डिसेंबरला. त्याआधी टेस आपला भूतकाळ सांगणारं चार पानांचं पत्र लिहून त्याच्या दाराखालून सरकवते, ते आत सतरंजीखाली जातं. लग्नाच्या दिवशी सकाळी तिला ते तसंच सापडतं आणि ती ते नष्ट करते. बहुतेक चर्चा इथे 'दैव' म्हणून थांबते. पण पुढचा परिच्छेद वाचा. ती त्याच दिवशी त्याला जिन्यात गाठून सांगू पाहते आणि तोच म्हणतो, आज नको, नंतर. सतरंजीने एकदा अडवलं, त्याने स्वतः अडवलं. दोष सतरंजीच्या माथी मारू नये.

हिशेबवही

मी टेसचा जमाखर्च मांडून पाहिला. हार्डी आकडे देतो, आपण बेरीज करायची.

लग्नानंतर टेसचा भूतकाळ कळल्यावर एंजल तिला सोडून जातो, जाताना देतो 50 पौंड. माहेरी परतल्यावर त्यातले निम्मे, 25, ती आईला देते, नवऱ्याने टाकलं हे झाकण्यासाठी. उरलेले 25 महिन्या-महिन्याने संपतात, कारण गोठ्याचं आणि सुगीचं काम हंगामी. मग बँकेकडून आणखी 30 येणार असतात. तेवढ्यात आईचं पत्र: छप्पर गळतंय, आधीच्या शाकारणीचे पैसे थकलेत, वासे बदलायचे, सगळे मिळून 20 पौंड. पैसे हातात पडताच टेस 20 पाठवते. उरलेल्या 10 मधले काही थंडीच्या कपड्यांत जातात.

म्हणजे 80 पैकी 45 पौंड माहेरच्या घरात गेले. याच घरातून पुढे कुटुंबाला हाकलून देतात.

आणखी लागलं तर माझ्या वडिलांकडे माग, असं एंजलने सांगितलेलं होतं. ती मागत नाही. टाकलेल्या बायकोने सासऱ्यापुढे हात पसरायचा नाही, हा तिचा मान. फ्लिंटकोम-अ‍ॅशच्या गारठ्यात ती शेतमजुरीला जाते ती या मानापायी. तिथे शंभरेक एकरांच्या रानात स्वीडचे, म्हणजे सलगमासारखे, कंद. वरचा अर्धा भाग जनावरांनी खाल्लेला, जमिनीतला अर्धा आकड्याच्या हत्याराने उकरून काढायचा, तोही जनावरांसाठीच. तिला नुसती 'सोशिक' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब बघावा.

टाचण

@हिशेबवही, यात बुटांचं प्रकरण जोडा. शेवटी ती एमिन्स्टरला सासऱ्याकडे जायला निघते. रविवार, जायचे 15 मैल, यायचे 15, सगळं पायी. गावाबाहेर चिखलाचे जाड बूट काढून कुंपणात लपवते आणि पातळ, चांगले बूट घालते. घंटा दोनदा वाजवते, दार उघडत नाही, सगळे चर्चमध्ये. थोड्या वेळाने तिचे दीर आणि त्यांच्या ओळखीतली मर्सी चँट येतात. कुणा भिकाऱ्याचे असतील म्हणून ते बूट गरिबांना द्यायला उचलून नेतात. टेस हे पाहते आणि परत फिरते.

घात इथे होतो. मुलांवरून ती बापाची परीक्षा करते. एंजलचा बाप, म्हातारा क्लेअर, मतांनी कर्मठ, पण संकटात सापडलेल्याला जवळ करणारा. पोरं बोलायला सौम्य, पण आतून कोरडी. आणि परतीच्या याच वाटेवर तिला धान्याच्या कोठारात प्रवचन करणारा अ‍ॅलेक भेटतो.

कोरडवाहू

मळणीचा दिवस कुणी घेतला नाही अजून. वाफेचं यंत्र पहाटे सुरू होतं. टेसला यंत्राच्या माथ्यावर, पेंढ्या आत सारणाऱ्या माणसाजवळ उभं केलं आहे. तिचं काम पेंढीचा बंध सोडून ती त्याच्या हातात देणं. बाकीच्या बाया मधूनच थांबू शकतात, घोटभर पिऊ शकतात, दोन शब्द बोलू शकतात. तिला ते जमत नाही: यंत्र थांबत नाही म्हणून भरणारा थांबत नाही, आणि भरणारा थांबत नाही म्हणून ती थांबू शकत नाही. शेताचा मालक ग्रोबी तिला तिथे ठेवतो कारण तिचे हात चपळ आणि चिवट आहेत. अंग दिवसभर हादरत असतं. जेवणाच्या सुट्टीत अ‍ॅलेक गंजीवर येऊन बसतो, आणि ती मांडीवरचा चामडी हातमोजा त्याच्या तोंडावर मारते. रक्त येतं. मग संध्याकाळी, पाय लटपटत असताना, तो तिच्या भावंडांची काळजी घेण्याचं बोलतो. दुपारी तिला रक्त काढण्याइतकं बळ होतं, दिवसाच्या शेवटी नाही. ही वेळ हार्डीने निवडलेली आहे.

ओसरी

घर कसं गेलं ते थोडक्यात, कारण मराठी वाचकाचा इथे गोंधळ होतो. ते भाड्याचंही नाही आणि मालकीचंही नाही. 'तीन आयुष्यांचा' पट्टा: करारात नोंदलेल्या तिघांपैकी शेवटचा माणूस जिवंत आहे तोवर घर तुमचं. टेसचा बाप हा शेवटचा. तो आजाऱ्याचं सोंग करणारा, म्हणून वाचक त्याला मोजत नाही, पण सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर त्याच्या श्वासावर होतं. तो गेला की पट्टा संपला. 6 एप्रिलला, शेतमजुरांच्या घरं बदलण्याच्या दिवशी, सामान गाडीवर. किंग्जबेअर या पूर्वजांच्या गावी ठरवलेल्या खोल्या आधीच दिल्या गेलेल्या. आई पलंग मांडते तो चर्चच्या भिंतीशी, डर्बरव्हिल पूर्वजांच्या खिडकीखाली. टेस अ‍ॅलेककडे परत जाते ती यानंतर.

शेणामेणाचं_घर

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक नोंद. टेस दोन भाषा बोलते. घरी डॉर्सेटची बोली, बाहेर शाळेत शिकलेली प्रमाण इंग्रजी. ती सरकारी मदतीच्या शाळेत सहावी इयत्ता झालेली आहे, आई बोलीतच बोलणारी. मराठीत बोलीसाठी थेट वऱ्हाडी किंवा मालवणी घेतली तर टेसचं ब्लॅकमूरचं खोरं विदर्भात नाहीतर कोकणात जातं. क्रियापदांची रूपं थोडी सैल करून, हेल राखून भागवावं. आणि 'अ प्युअर वुमन' या उपशीर्षकातल्या 'प्युअर'ला 'पवित्र' नको. त्याला देवघराचा वास येतो आणि कौमार्याशी गाठ पडते. हार्डीला नेमकी तीच गाठ सोडवायची होती. 'निर्मळ' जवळचं.

टाचण

शेवटाबद्दल. स्टोनहेंजच्या शिळेवर पडून टेस एंजलला सांगते, माझ्यामागे धाकट्या लिझा-लूशी लग्न कर. आपल्याकडे बायको गेल्यावर मेहुणीशी लग्न ही ओळखीची रीत, त्यामुळे मराठी वाचकाला हे दुःखातलं समाधान वाटतं. पण तेव्हाच्या इंग्लंडात मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न कायद्याने बाद होतं, 1907 पर्यंत. म्हणजे अ‍ॅलेकच्या खुनासाठी टेसला फाशी दिल्याचा काळा झेंडा विंटनसेस्टर शहराजवळच्या टेकडीवरून चढताना पाहून, हात हातात घेऊन पुढे निघणारे ते दोघे कायद्याच्या लेखी तेव्हा नवरा-बायको होऊ शकत नाहीत. टेसला हे ठाऊक असावं असं वाटत नाही. ती म्हणते, आमच्या गावाकडे लोक मेहुणीशी लग्न करतातच की.